वरचा धैवत

एकतीस वर्षं लोकांच्या वरातींपुढे क्लॅरोनेट वाजवलं.
मग औंधच्या छातीच्या दवाखान्यात एका पोरीने
पुठ्ठ्याची नळी तोंडात दिली. म्हणाली,
फुंका काका, फुंका, अजून, अजून, अजून.
पडद्यावरची रेघ
चढावर सायकल दमावी तशी
अर्ध्यातच उतरली.
क्लॅरोनेट भाच्याला देऊन टाकलं.
त्याने ते विकलं का, मी विचारलेलं नाही.

खडकीच्या कॉन्व्हेंटात हौसा पोळ्या करायची.
तिथली सिस्टर ब्रिजिड, वय एक्क्याऐंशी,
कायमची मायदेशी निघाली तेव्हा
पलंगाखालची पेटी पायाने पुढे ढकलून म्हणाली,
मिस्टर खुडे, याला तोंड लावायचा नाही.

इलिन पाइप्स. इलिन म्हणजे त्यांच्याकडे कोपर.
उजव्या कोपराखाली भाता, डाव्याखाली पिशवी,
वारा सगळा बाहेरचा,
खडकी बाजारातला, फोडणीचा, डिझेलचा,
माझ्या छातीला विचारायचंच नाही.
म्हटलं, हे तर लोहाराचं काम. जमेल.

खालचं सप्तक आठ दिवसांत आलं.
बोटं जुनी, त्यांना भोकं अंधारातही सापडतात.
पण वर चढलो की
गंधार, मध्यम ठीक, पंचमाला कापरं,
आणि धैवतावर ते वाद्य
दारात शेपूट अडकल्यासारखं किंचाळायचं.
मी पिशवी आणखी आवळायचो.
वरातीची सवय. जनरेटरच्या वरताण वाजवायचं
तर जोर, दुसरं काय?
हौसा आतून सांगायची,
काल मांजर होतं. आज बदक आहे. फरक आहे.

सिस्टरच्या मराठीत क्रियापदं मोजून चार.
जायच्या आदल्या दिवशी तिने
माझ्या मांडीवर चामड्याचा तुकडा ठेवला,
नळीचं टोक त्यावर टेकवलं,
माझी बोटं आपल्या गार बोटांनी एकेक करून दाबली.
सगळी भोकं बंद. खालचं तोंड बंद.
आवाज नाही.
पिशवीत वारा तटतटलेला, जायला जागा नाही.
थांब, म्हणाली.
मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही.
आता उघड.

मी घाईने उघडलं. बदक.
ती हसली, दोन दिवसांनी विमानात बसली.

एप्रिलात पत्ती वाळली.
तिकडच्या ओल्या हवेत घडलेली ती,
इथल्या उन्हात तिचे ओठ मिटले ते मिटलेच.
पेटी माठाशेजारी ठेवून पाहिली,
रात्री उशाशी ओला स्पंज,
हौसा म्हणाली, माझ्या आजारपणात नाही केलंत एवढं.
शेवटी दापोडीच्या पुलाखाली उतरलो,
मुळेच्या काठचा देवनळ कापला,
सावलीत सुकवला, चिरला, तासला, दोऱ्याने बांधला.
अकरा पत्त्या फुकट गेल्या.
बारावी जरा भसाडी बोलली,
पण बोलली मराठीत.

काल संध्याकाळी नळी मांडीवर टेकवली.
सगळं बंद केलं.
कोपराने वारा एवढासाच वाढवला,
झोपलेल्या पोराची कूस बदलावी एवढाच,
आणि थांबलो.
खाली कोणी तरी स्कूटरला किका मारत होतं.
एक किक, दुसरी किक,
ती सुरू होईपर्यंत थांबलो.
मग बोटं उचलली.

धैवत आला.
धावत नाही, ओरडत नाही,
जिन्यात आधीपासूनच उभा असावा
आणि आपण फक्त कडी काढावी, तसा.
आत लाटण्याचा आवाज थांबला.
तव्यावर पोळी करपल्याचा वास आला
तरी हौसा काही बोलली नाही.

मी परत वाजवला.
बदक.